जुनी कार्बन रेसिंग सायकल विकताना

वजन : यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या) शर्यतीत सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. नियम २००० सालापासूनचा.

फ्रेम : माप सेंटिमीटरमध्ये (५४, ५६) किंवा एस, एम, एल. सिरियल नंबर बहुधा बॉटम ब्रॅकेटखाली.

तडा : ॲल्युमिनियमला पोचा पडतो. कार्बनचे थर आतून सुटले, तरी वरचा रंग शाबूत राहू शकतो. नाण्याने हलके ठोकल्यावर एखाद्याच जागी बद्द आवाज आला, तर तपासणी हवी.

गिअर : शिमानो ड्युरा-एस आर९१०० (२०१६) : मागे ११ चकत्या. आर९२०० (२०२१) : १२.

ब्रेक : डिस्कला रस्त्यावरच्या शर्यतींत पूर्ण मान्यता २०१८मध्ये. रिम ब्रेकच्या फ्रेमवर डिस्क ब्रेक बसवता येत नाहीत.

साखळी : ११-१२ गिअरची साखळी ०.५ टक्का लांबली, की बदलतात.

वॉरंटी : अनेक कंपन्यांची आजीवन वॉरंटी फक्त पहिल्या मालकाला.