अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि आयुष्यभराची फुप्फुसे

अपुऱ्या दिवसांचे बाळ रुग्णालयातील काचपेटीतून सुखरूप बाहेर आले की कुटुंबाचा जीव भांड्यात पडतो. वजन वाढते, मूल चालू-बोलू लागते आणि जन्माच्या वेळची धावपळ विस्मरणात जाते. मात्र अशा मुलांच्या फुप्फुसांवर त्या दिवसांची खूण पुढे अनेक वर्षे राहू शकते. ती ओळखण्यासाठी छातीच्या प्रतिमांचा उपयोग किती आणि त्यांची मर्यादा कोणती, हे पालकांनी जाणून घेणे आवश्यक आहे.

फुप्फुसे अपुरी का राहतात?

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेला जन्म मुदतपूर्व मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अशी जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख भारतातील होती. गर्भात फुप्फुसे सर्वांत शेवटी सिद्ध होणाऱ्या अवयवांपैकी एक आहेत. प्राणवायू रक्तात मिसळणारे सूक्ष्म वायुकोश प्रामुख्याने ३६व्या आठवड्यापासून पुढे, जन्मानंतरची पहिली दोन-तीन वर्षे तयार होत राहतात. वायुकोश मिटू नयेत म्हणून त्यांना आतून लेप देणारे ‘सरफॅक्टंट’ हे द्रव्यही अपुऱ्या दिवसांच्या बाळात कमी असते. या बाळांच्या श्वासाच्या त्रासाचे मूळ या द्रव्याच्या अभावात आहे, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले.

क्ष-किरणांनी लावलेला शोध

कृत्रिम श्वसनयंत्र आणि भरपूर प्राणवायू यांमुळे बाळे वाचू लागली, तेव्हा नवाच आजार पुढे आला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील क्ष-किरणतज्ज्ञ विल्यम नॉर्थवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये अशा बाळांच्या छातीच्या चित्रांतील बदल टप्प्याटप्प्याने नोंदवले आणि त्याला ‘ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लेझिया’ म्हणजे बीपीडी हे नाव दिले. आजाराची ओळखच मुळी क्ष-किरण चित्रांवरून पटली.

पुढे मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता असलेल्या मातेला स्टिरॉइडचे इंजेक्शन देण्याचा उपाय १९७२ मध्ये आणि बाळाच्या फुप्फुसात सरफॅक्टंट सोडण्याचा उपाय १९८० मध्ये पुढे आला. परिणामी अधिक लहान बाळे जगू लागली आणि आजाराचे रूपही पालटले. पूर्वी फुप्फुसांवर व्रण जास्त दिसत; आता वायुकोश संख्येने कमी आणि आकाराने मोठे राहणे हे मुख्य लक्षण ठरले.

कोणती प्रतिमा काय सांगते?

छातीचे साधे क्ष-किरण चित्र स्वस्त आणि सहज उपलब्ध असते. न्यूमोनिया झाला आहे का, फुप्फुसाचा एखादा भाग मिटला आहे का किंवा हवा अडकून फुप्फुसे फुगली आहेत का, हे त्यातून कळते. परंतु सूक्ष्म दोष त्यात निसटतात. मोठ्या मुलात हे चित्र जवळजवळ निर्दोष दिसूनही श्वास कमी पडत असू शकतो.

सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसाच्या कडेच्या रेषा, जाड झालेल्या श्वासनलिका आणि अडकलेल्या हवेचे भाग स्पष्ट दिसतात. मात्र त्यातील किरणोत्सर्ग साध्या चित्राच्या अनेक पटींनी अधिक असतो आणि वाढत्या वयातील शरीर त्याला अधिक संवेदनशील असते. किरणोत्सर्ग नसलेली सोनोग्राफी नवजात बाळाच्या खाटेशीच करता येते. एमआरआयच्या नव्या पद्धतीही विकसित होत आहेत. पण त्या अद्याप मोजक्या केंद्रांपुरत्या मर्यादित आहेत.

म्हणूनच युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत बीपीडी झालेल्या सरसकट सर्व मुलांची अशी तपासणी सुचवलेली नाही. आजार तीव्र असलेल्या, श्वसनाची गंभीर लक्षणे असलेल्या किंवा वारंवार रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांसाठी ती राखून ठेवावी आणि फुप्फुसांची कार्यक्षमता मात्र सर्वांचीच तपासत राहावी, असे त्या सांगतात. साधारण पाच-सहा वर्षांच्या मुलाला नळीत जोराने फुंकता येते. त्या वयापासून स्पायरोमेट्री शक्य होते. प्रतिमा फुप्फुसांची रचना दाखवते, स्पायरोमेट्री त्यांचे काम मोजते.

हिंगोलीतील पालकांसाठी

१ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातील गावापासून बालरोगतज्ज्ञ दूर असतो. अशा वेळी सर्वांत मोलाचा पुरावा घरातच असतो, तो म्हणजे नवजात काळजी कक्षाचे डिस्चार्ज कार्ड. बाळ कितव्या आठवड्यात जन्मले, वजन किती होते, श्वसनयंत्र आणि प्राणवायू किती दिवस लागला, या नोंदी आणि त्या वेळची क्ष-किरण चित्रे जपून ठेवावीत. पुढे खोकला झाल्यावर काढलेल्या चित्रात एखादी सावली दिसली, तर ती नवी की जन्मापासूनची, हे जुन्या चित्राशी ताडून पाहिल्यावरच समजते. हा इतिहास डॉक्टरांना ठाऊक नसेल, तर जुना व्रण क्षयरोगाचा किंवा वारंवार लागणारी धाप साध्या दम्याची समजली जाण्याची शक्यता असते. अर्थात क्षयरोगाची तपासणी टाळावी, असा याचा अर्थ नव्हे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासतात. मूल अपुऱ्या दिवसांचे होते, हे पथकाला आणि आशाताईंना आवर्जून सांगावे. खेळताना लवकर धाप लागणे, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणे, सतत घरघर, वजन न वाढणे किंवा ओठ निळसर पडणे ही लक्षणे दिसल्यास विलंब करू नये.

चुलीचा धूर, घरातील विडी-सिगारेट आणि वसमत परिसरात हळद पॉलिश करताना उडणारी धूळ यांपासून अशा मुलांना दूर ठेवावे. लसीकरण वेळेवर पूर्ण करावे. अपुरे राहिलेले वायुकोश औषधाने भरून येत नाहीत. परंतु उरलेली ताकद जपता येते. मोठेपणी तंबाखूपासून दूर राहण्याचे कारणही या मुलांना इतरांपेक्षा अधिक आहे. म्हणून जन्माची ती नोंद मूल मोठे झाल्यावर त्याच्याच हाती सोपवावी.