चाकाचा आऊट

संपादकांनी पाठवलं होतं ते वेगळ्या कामासाठी. साताऱ्याचा यवतेश्वर घाट चढून कासला जाणारे, सांगलीहून पहाटे दंडोबाच्या डोंगराकडे निघणारे जे सायकलवाले आहेत, त्यांच्यातले काहीजण तयार सायकल घेत नाहीत. फ्रेम एकीकडून, गिअर दुसरीकडून, टायर तिसरीकडून जमवून आपली सायकल आपणच उभी करतात. त्यांच्यावर लिहा, असं सांगणं होतं. मी गेले, त्यांना भेटले, साताऱ्यात पोवई नाक्यावर सकाळी सहाला चहा घेत टायरच्या रुंदीवरचे वाद ऐकले. पण प्रत्येकाच्या बोलण्यात शेवटी तेच वाक्य यायचं, "चाक मात्र सांगलीच्या मामांकडून बांधून घेतलंय." म्हणून सांगलीला गेले आणि एका बोळातल्या आठ फुटी दुकानात तीन दिवस बसून राहिले.

मामा म्हणजे दुकानाचे मिस्त्री. नाव छापू नका म्हणाले, म्हणून मीही मामाच म्हणते. साठी उलटलेली, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. दुकानात वर टायर टांगलेले, खाली रॉकेलच्या डब्यात छर्रे भिजत पडलेले, आणि कोपऱ्यात एक पुढचा चिमटा भिंतीला उलटा ठोकलेला. चाक बांधायचं त्यांचं यंत्र ते एवढंच. बाजारात आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायचे छान स्टँड मिळतात, साताऱ्याच्या एका डॉक्टरांनी त्यांना एक आणूनही दिला होता. तो वर माळ्यावर आहे.

चाक बांधताना मामा रिम मांडीवर आडवी घेतात, मध्ये हब ठेवतात आणि शेजारी ३६ तारांची जुडी. हबच्या एका कानाला १८ भोकं. त्यांत एक सोडून एक अशा नऊ तारा आधी, मग उरलेल्या नऊ उलट्या बाजूने. मग हब थोडा पिळायचा. तो पिळला की सगळ्या तारा एकदम तिरक्या होतात आणि मोकळ्या काड्यांच्या ढिगात अचानक नक्षी दिसू लागते. प्रत्येक तार आपल्याच बाजूच्या तीन तारांना ओलांडते, दोघींच्या एका अंगाने आणि शेवटच्या एकीच्या दुसऱ्या अंगाने. हे सगळं होईपर्यंत मामा गिऱ्हाइकाशी उसाच्या बिलाबद्दल बोलत असतात. बोलणं थांबतं ते तारांच्या टोकाचे निपल आवळायला घेतल्यावर. पाव फेरा, पुढची तार, पाव फेरा, पुढची. चिमट्यात चाक फिरवायचं, कडेला खडू धरायचा. जिथे खडू उमटला तिथे आऊट. आडवा आऊट निघाला की उभा बघायचा. उभा काढताना आडवा पुन्हा येतो. एका चाकाला दीड-दोन तास सहज जातात.

सायकलचं चाक ही मला लहानपणापासून साधी गोष्ट वाटायची. तसं ते नाही, हे मला त्या दुकानात कळलं. बैलगाडीच्या चाकात ओझं खालच्या आऱ्यावर उभं राहतं, कारण आरा लाकडाचा आणि जाड असतो. सायकलची तार दोन मिलिमीटर जाडीची. ती दाबली तर वाकेल, ओझं काय पेलणार? म्हणून सगळ्या तारा आधीच खेचून ठेवलेल्या असतात, एकेकीत शंभरेक किलोचा ताण. वजन आलं की जमिनीलगतच्या तारांचा ताण थोडा कमी होतो आणि त्या वर गेल्या की भरून येतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार एकदा सैलावते, एकदा ताठ होते. कासपर्यंत जाऊन यायचं म्हणजे पन्नासेक किलोमीटर, म्हणजे वीस हजारांवर फेरे. तार तुटते ती बहुतेक वेळा या हेलकाव्यानेच, आणि जी मुळात ढिली असते ती आधी तुटते. "लोकांला वाटतं, लई आवळलं म्हणून तुटलं," मामा म्हणाले. "ढिली र्‍हायली म्हणून तुटतीय ताई."

मागच्या चाकात ही अडचण जन्मजात आहे. उजव्या बाजूला गिअरच्या चकत्या बसवायच्या, तर हबचा उजवा कान आत सरकवावा लागतो. रिम तर मधोमध हवी. मग उजव्या तारा जवळजवळ उभ्या राहतात, डाव्या तिरक्या जातात, आणि तोल राखायचा तर डावीकडचा ताण उजवीकडच्याच्या साठेक टक्केच ठेवता येतो. आठ-नऊ गिअरच्या चाकाचं हे गणित सहसा टाळता येत नाही. मामा हा ताण मोजत नाहीत, ऐकतात. नखाने उजवी तार छेडतात, मग डावी. एका बाजूच्या सगळ्या तारा एका सुरात हव्यात, ही पहिली अट. दुसरी अट त्यांनी छेडूनच दाखवली. डावीकडचा सूर सा धरला, तर उजवीकडचा मध्यमाच्या आसपास लागला. मी घरी येऊन हिशेब केला. ताण साठ टक्के तर सुराची कंपनं पाऊणपटीच्या जवळ येतात, आणि सा-म यांचं नातं तेच, तीनास चार. मिरज तिथून दहा किलोमीटरवर. तिथल्या सतारमेकर गल्लीतल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मामांच्या थोरल्या भावाने तरुणपणी तिथे भोपळे तासायचं काम केलं होतं. मामा स्वतः गाण्यातलं काही जाणत नाहीत, पण तार उतरली हे त्यांना कळतं आणि ते "उतरली" असंच म्हणतात.

या भागाचा आणि सायकलचा संबंध जुना आहे. किती जुना, ते सांगली जिल्ह्यातल्याच अनेकांना ठाऊक नसतं. १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि रामूअण्णा त्या विकायचे, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. त्याच वर्षी बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. सायकलींमागोमाग कडबा कापायची यंत्रं आली, मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असल्याने तो दोन वर्षं पडून राहिला, ही गोष्ट शाळेत ऐकलेली असते. अमेरिकेत राइट बंधूंनी सायकलचं दुकान काढलं ते १८९२ मध्ये, आणि त्यांचं विमान उडालं ते त्याच १९०३ साली. एका दुकानातून नांगर, दुसऱ्यातून विमान. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात, वाडी सांगली जिल्ह्यात. या दोन जिल्ह्यांतला यंत्राचा हात सायकलच्या दुकानात तयार झाला, असं मी म्हणते ते अभिमानाने.

आता त्या जमवाजमव करणाऱ्यांकडे वळते. त्यांच्यातले साताऱ्याचे एक शाळामास्तर मला सगळ्यांत भावले. त्यांना वडिलांची काळी सायकल यवतेश्वरवर न्यायची होती. मोठ्या दांडीची, रॉड ब्रेकची, पुढे ३२ आणि मागे ४० तारांची, अठ्ठावीस इंची. वडील तिच्यावरून वीस वर्षं दूध घालायचे. तिच्या पुढे ४४ दातांची चकती, मागे १८ दातांचं फ्रीव्हील. पायडलचा एक फेरा मारला की सायकल साडेपाच मीटर जाते. सपाटीला झकास, पण घाटात प्रत्येक फेऱ्याला साडेपाच मीटर स्वतःला उचलायचं म्हणजे गुडघे संपले. पुढे ३४ आणि मागेही ३४ दात बसवले तर एका फेऱ्याला सव्वादोन मीटरही होत नाहीत. मग कुणीही चढेल. कागदावर एवढंच काम.

प्रत्यक्षात पहिली अडचण मागच्या चिमट्याची. जुन्या सायकलचा मागचा हब बसतो त्या जागेची रुंदी जेमतेम ११० मिलिमीटर. गिअरचा हब १३० किंवा १३५चा. फ्रेम पोलादी असल्याने ती फाकवता येते, ॲल्युमिनियमची असती तर तडकली असती. मामांनी ती एकदम फाकवली नाही. लांब बोल्ट आणि दोन नट घालून रोज थोडी थोडी. मग पुढच्या मानेपासून मागच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरा ताणून पाहिला, मधल्या नळीपासून दोऱ्याचं अंतर दोन्हीकडे सारखं येईपर्यंत. दुसरी अडचण रिमची. जुन्या टायरची बसायची गोलाई ६३५ मिलिमीटर, आणि त्या मापात आता जड, जाडेभरडे टायरच मिळतात. जगभरचे चांगले टायर ६२२ वर निघतात. फरक १३ मिलिमीटर, म्हणजे ब्रेकच्या जागी साडेसहा. पण रॉड ब्रेकचे गुटके रिमला आतून, हबच्या बाजूने घासतात, आणि नव्या रिमला आतली ती पट्टीच नसते. तेव्हा गॅस वेल्डिंगवाल्याकडे जाऊन पितळी काडीने चिमट्याला ब्रेकच्या दोन खुंट्या जोडून घेतल्या. रंग जळाला. मास्तरांनी तो तसाच ठेवला आहे. साखळी मात्र सुखाची. दोन पिनांमधलं अंतर शंभर वर्षांपूर्वी अर्धा इंच होतं, आजही अर्धाच इंच आहे.

टायर त्यांनी ४० मिलिमीटरचा निवडला. या रुंदीवरच पोवई नाक्यावर सगळ्यांत जास्त वाद होतात. पूर्वी शर्यतवाले २३ मिलिमीटरचा टायर दगडासारखा टणक फुगवायचे. आता शर्यतीतही २८ आणि त्यापुढचे टायर आले आहेत, कारण खडबडीत रस्त्यावर रुंद आणि मऊ टायर खड्डा गिळतो, तर टणक टायर माणसाला सायकलसकट उचलून आपटतो आणि त्यात जोर वाया जातो. ऊसतोडीच्या हंगामात वाळवा-पलूसकडचे रस्ते पाहिलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. जत-कवठेमहांकाळकडे जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा, वेड्या बाभळीचे काटे. ते लोक ट्यूबच काढून टाकतात आणि टायरमध्ये रबराच्या चिकाचं पाणी ओततात. काटा घुसला की चीक भोकातच गोठतो. पण आपल्या उन्हाळ्यात तो महिन्या-दोन महिन्यांत सुकून जातो, हे डब्यावर ठळक लिहायला हवं होतं.

इथवर सगळं कौतुकाचं. काळजी वाटायला लागली ती मामांनी पुराची गोष्ट सांगितल्यावर. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. दुकान आठवडाभर पाण्याखाली. पूर ओसरल्यावर सायकलींची रांग लागली. काळ्या सायकली मामांनी उघडल्या, कोन काढला, छर्रे रॉकेलमध्ये धुतले, गाळ पुसला, ग्रीस भरलं, सायकल चालू. महागड्या सायकली उघडायला गेले तर बेअरिंग बंद डबीतलं. धुता येत नाही. नवं घालायचं तर त्यावरचा नंबर जुळायला हवा, काढायला वेगळं हत्यार हवं. ब्रेकमध्ये तेल, तेही एका कंपनीचं खनिज तेल तर दुसरीचं वेगळंच, एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतलं रबर फुगून ब्रेक जातो. अलीकडे तर केबली हँडलमधून मानेच्या आत शिरतात. मानेचं बेअरिंग बदलायचं तर ब्रेकची नळी सोडावी लागते. दहा रुपयांच्या छर्‍याचं काम अर्ध्या दिवसाचं झालं.

मामा या सायकलींना नावं ठेवत नाहीत. "गाडी चांगलीच हाय की," ते म्हणतात, "पर माज्या हातानं उघडत न्हाई." मला वाटतं, जी वस्तू गावातल्या कुशल हाताला उघडता येत नाही, ती त्या गावात परकीच राहते. कितीही हलकी असली तरी.

दुसरीकडे जुन्याचंही सुटं सामान आटत चाललं आहे. ४० भोकांचा हब आणि ४० भोकांची रिम पूर्वी हव्या त्या दुकानात मिळायची. आता मामांकडे अशा दोन रिमा खिळ्याला टांगलेल्या आहेत आणि त्या ते विकत नाहीत. कॉटर पिन येतात, पण इतक्या मऊ की दोन महिन्यांत क्रँक खडखडायला लागते. ते जुन्या पिन घासून पुन्हा बसवतात. आठ गिअरच्या चांगल्या प्रतीच्या चकत्या मिळेनाशा होत आहेत, कारण कंपन्या अकरा-बारा गिअरकडे गेल्या. पातळ साखळी, पातळ चकत्या, त्या लवकर झिजतात आणि चिखलात अडकतात. आणि चाकं? ती तयार येतात. यंत्रावर बांधलेली, २४ किंवा २८ तारांची. यंत्र तारा सारख्या आवळतं, पण घाईने. हातात घेऊन जोडीजोडीने दाबल्याशिवाय तारा आपल्या जागी मुरत नाहीत, आणि मग पहिल्या दोनशे किलोमीटरमध्ये चाक डोलायला लागतं. त्या डोलणाऱ्या चाकाचा आऊट काढायला ते मामांकडेच येतं.

मामांचा मुलगा कुपवाडच्या एमआयडीसीत सीएनसी मशिनवर आहे. तिथे मायक्रॉनमध्ये काम चालतं, पगार दर महिन्याला येतो, हात काळे होत नाहीत. तो दुकानात बसणार नाही आणि मामांची तशी अपेक्षाही नाही. दोन पोरं शिकायला आली होती. पंक्चर, ब्रेक, चेन शिकली आणि मोटरसायकलच्या गॅरेजात गेली. चाकापर्यंत कुणी थांबलं नाही. चाकाला वेळ लागतो आणि त्याचे पैसे कमी मिळतात. मामा एका चाकाचे जे घेतात तो आकडा ऐकून मी त्यांना वाढवायला सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले.

शिकतात ते एकटे शाळामास्तर. दर रविवारी साताऱ्याहून एसटीने सव्वाशे किलोमीटर येतात. वडिलांच्या सायकलचं मागचं चाक मामांनी बांधलं, पण पुढचं बांधायचं त्यांनी स्वतः मागून घेतलं. चौथ्यांदा उकलून पुन्हा विणलेलं ते चाक मी गेले त्या रविवारी भिंतीवरच्या चिमट्यात होतं. मास्तरांनी फिरवलं, खडू धरला. एकाच जागी, दोन बोटांएवढी पांढरी रेघ उमटली. त्यांनी निपलला पाना लावला. मामा पाठमोरे बसून कुणाच्या तरी ट्यूबला सोल्युशन लावत होते.

"ती न्हवं," मान न वळवता मामा म्हणाले. "तिच्या शेजारची छेडा."

मास्तरांनी छेडली. शेजारच्या दोन्ही छेडून पाहिल्या. मग पाना सरकवला आणि पाव फेरा दिला.