दोलन, नाद आणि शाई : रामन यांच्या मृदंगविचाराचा अन्वयार्थ

‘आंदोलन’, ‘कंपन’, ‘नाद’ या संज्ञा मराठीत संगीतशास्त्र, पदार्थविज्ञान आणि साहित्यसमीक्षा अशा तिन्ही क्षेत्रांत वावरतात. संगीतशास्त्रीय लेखनात स्वराची ‘आंदोलनसंख्या’ सांगितली जाते. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात तिलाच ‘वारंवारता’ म्हणतात. या संज्ञांमागील भौतिक संकल्पना स्पष्ट करणे आणि एका भारतीय वाद्याच्या अभ्यासाने सामान्य सिद्धान्ताची व्याप्ती कशी उघड केली हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोलनास दोन गोष्टी आवश्यक असतात : पदार्थाला समतोल स्थानाकडे परत खेचणारे बल आणि त्याचे जडत्व. बाजूला नेऊन सोडलेला लंबक गुरुत्वाकर्षणामुळे मध्याकडे येतो. परंतु तेथेच त्याचा वेग सर्वाधिक असल्यामुळे तो न थांबता पलीकडे जातो. झोका लहान असेल तोवर एका आवर्तनाचा काळ झोक्याच्या विस्तारावर नव्हे, तर लंबकाच्या लांबीवर अवलंबून राहतो. १ मीटर लांबीच्या लंबकास त्यासाठी सुमारे २ सेकंद लागतात.

वाद्याच्या तारेत हे परत खेचणारे बल ताणातून येते. तार एकाच वेळी अनेक रीतींनी कंप पावते आणि त्यांच्या वारंवारता १ : २ : ३ : ४ अशा पूर्णांकी प्रमाणात असतात, म्हणूनच कानाला एक निश्चित स्वर ऐकू येतो. सर्वत्र सारख्या जाडीच्या गोल पडद्याची स्थिती निराळी आहे. तेथे हे प्रमाण १ : १.५९ : २.१४ : २.३० असे विस्कळीत असते. साध्या ढोलाचा आवाज स्वरापेक्षा आघातच अधिक वाटतो, तो यामुळे.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात या नियमाला अपवाद असणाऱ्या भारतीय वाद्यांकडे लक्ष वेधले होते. १९३३ मध्ये ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. १९३४ मध्ये त्यांनी तेथेच भारतीय विज्ञान अकादमी स्थापन केली आणि तिच्या कार्यवृत्ताच्या पहिल्याच खंडात या वाद्यांवरील सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. पडद्यावर बारीक वाळू पसरून त्यांनी कंपनाच्या आकृती टिपल्या. पहिल्या नऊ कंपनरीती पाच गटांत एकवटतात आणि त्या गटांच्या वारंवारता जवळजवळ १ : २ : ३ : ४ : ५ या प्रमाणात येतात, असे त्यांना आढळले. याचे कारण मध्यभागीचा काळा लेप, म्हणजे तबल्यावर आपण जिला शाई म्हणतो ती. तिच्या वजनाने पडद्याच्या वस्तुमानाची वाटणी बदलते आणि चामडे तारेप्रमाणे स्वर देऊ लागते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पडद्याचे पूर्वीचे गणित चुकीचे नव्हते. ते सर्वत्र समान असलेल्या पडद्याचे होते. ही अट जणू सर्व चर्मवाद्यांचा स्वभावच आहे असे मानले गेले असते, तर मृदंग केवळ अपवाद ठरला असता. लेपाचे ज्ञान मात्र जुने आहे. पुष्करवाद्ये सुरात लावण्यासाठी मातीचा लेप द्यावा, हे भरताच्या नाट्यशास्त्रात नमूद आहे. कारागिरांनी हाताने आणि कानाने जे साधले, त्याचे कारण समीकरणांतून नंतर उलगडले.

तौलनिक अभ्यासकासाठी याचा अर्थ उघड आहे. एखादी कृती सिद्धान्तात बसत नसेल, तर तिला अपवाद ठरविण्यापूर्वी तो सिद्धान्त कोणत्या उदाहरणांवर उभा आहे, हे तपासावयास हवे.