पॉइंटांचे मोल

भिलाईच्या सेक्टर 2 मध्ये पोलाद कारखान्यातील कामगारांची वसाहत आहे. या कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली पेटली. भट्टीत पडणाऱ्या खनिजाचे वजन म्हणजे हाती येणाऱ्या लोखंडाचे वजन नव्हे, हे अशा वसाहतीत कोणालाही सांगावे लागत नाही. क्रेडिट कार्डावर मिळणाऱ्या पॉइंटांनाही हाच न्याय लागू पडतो.

समजा, एखाद्या घरी 10,000 पॉइंट साठले. ते देऊन बँकेच्या यादीतील मिक्सर घेतला आणि बाजारात त्याची किंमत 2,000 रुपये असली, तर एका पॉइंटाचे 20 पैसेच पडले. तेच बिलात वळते करून 2,500 रुपये सुटले, तर 25 पैसे. काही कार्डांवर प्रवासाच्या तिकिटासाठी याहून अधिक मोल येते. म्हणून मिळणाऱ्या वस्तूच्या बाजारभावाला पॉइंटांनी भागून पाहावे. पॉइंटांची मुदत व ते वटविण्याचे शुल्कही ध्यानात ठेवावे.

परंतु खरी मेख निराळीच आहे. शंभर रुपयांस एक पॉइंट या दराने 50,000 रुपयांच्या खरेदीवर 500 पॉइंट, म्हणजे सुमारे 125 रुपये मिळतात. तीच रक्कम महिनाभर थकली, तर दरमहा साडेतीन टक्क्यांनी 1,750 रुपये व्याज आणि त्यावर कर द्यावा लागतो. सारांश, मुदतीत संपूर्ण बिल फेडणाऱ्यालाच पॉइंटांचा लाभ होतो. इतरांना ते महागातच पडतात.