बेटांवरचे सूर (भाग ७) : टेकडीवरचा ढोल

फेब्रुवारी १९७१. किंगस्टनच्या सबिना पार्कवर भारताची अवस्था ५ बाद ७५ झाली होती. तिथून मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी एकनाथ सोलकरांना सोबतीला घेऊन डाव उभा केला, स्वतः २१२ धावा काढल्या आणि पुढे वेस्ट इंडिजवर चक्क फॉलोऑनची वेळ आली. आपल्याकडच्या कितीतरी घरांत किंगस्टन हे नाव पहिल्यांदा पोचलं ते त्या डावामुळे. पण क्रिकेटमुळे आपला एक गैरसमजही झाला. वेस्ट इंडिज म्हणजे एक देश, असं आपण धरून चालतो. तो संघ आहे, देश नाही. गेल्या आठवड्यात ज्या त्रिनिदादच्या कॅलिप्सोबद्दल लिहिलं, तिथून जमैका समुद्रावरून सुमारे १,८०० किलोमीटरवर आहे. मुंबईहून कोलकाताही याहून जवळ. दोन्ही बेटांवर ऊस होता, गुलामगिरी होती आणि इंग्रजांचं राज्य होतं, तरी गाणं मात्र वेगवेगळं उगवलं.

सबिना पार्कपासून पूर्वेला काही किलोमीटर गेलं की वॉरिकाच्या टेकड्या लागतात. सरदेसाईंनी ते द्विशतक काढलं त्याच्या वीसेक वर्षं आधीपासून त्या टेकड्यांच्या पायथ्याशी रात्री ढोल वाजत होते. आजचा भाग त्या ढोलांबद्दल आहे. रेगे म्हटलं की बॉब मार्लीचा चेहरा समोर येतो, आणि तो यावाच. पण मार्लीच्या गाण्याखाली जी जमीन आहे, ती तयार करणाऱ्यांची नावं आपल्याला ठाऊक नसतात. मला ती जास्त महत्त्वाची वाटतात.

ढोल तीन. सगळ्यात मोठा बास. काठीच्या टोकाला कापडाचा गोळा बांधून तो वाजवतात, त्यामुळे आवाज कडकडत नाही, घुमतो. मधला फुंडे आणि सगळ्यात लहान रिपीटर, त्याला केटेही म्हणतात. हे दोन्ही हातांनी वाजतात. रिपीटरवाला मोकळा असतो. तो बोलतो, प्रश्न विचारतो, वाद घालतो, अंगात आल्यासारखा तारेत जातो. फुंडेवाल्याला मात्र तसली मुभा नाही. त्यानं दोन ठोके द्यायचे आणि थांबायचं. पुन्हा दोन ठोके, पुन्हा थांबायचं. रात्रभर एवढंच. आपल्याच छातीवर हात ठेवून पाहिलं तर हा ठेका कळतो : धक्-धक्, मग पोकळी, धक्-धक्, मग पोकळी. जमैकातल्या रास्ता पंथाचे लोक त्याला हृदयाचा ठोका म्हणतात, आणि ती नुसती उपमा नाही. ऐकता ऐकता आपला श्वास त्याच्या चालीनं चालायला लागतो. या वादनाला न्याबिंगी म्हणतात. हे नाव पूर्व आफ्रिकेतलं. युगांडा-रवांडाच्या भागात न्याबिंगी नावाच्या राणीच्या नावानं गोऱ्या सत्तेविरुद्ध बंड झालं होतं, ते नाव जमैकाच्या गरिबांनी आपलंसं केलं.

ढोल आले कुठून? इंग्रजांनी १६५५ मध्ये स्पॅनिश लोकांकडून जमैका घेतलं आणि बेट उसानं भरून टाकलं. ऊस तोडायला आफ्रिकेतून माणसं पकडून आणली. मळेवाल्यांना ढोलाची धास्ती असे, कारण ढोलावरून निरोप जातात आणि बंडं उभी राहतात. मात्र बुरू नावाचं एक वादन त्यांनी चालू दिलं. लयीत काम केलं की हात जास्त चालतात, हा त्यामागचा हिशोब. १ ऑगस्ट १८३८ ला गुलामी पूर्णपणे संपली. मळ्यांवरचं काम सुटलं तशी बुरूवाल्यांची पुढची पिढी हळूहळू किंगस्टनच्या झोपडपट्ट्यांत येऊन पडली. तिथं त्यांना एक काम मिळालं. वस्तीतला कुणी तुरुंगातून सुटून आला की त्याच्या स्वागताला ढोल वाजवायचे. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. ज्याला सरकारनं बाद ठरवलं, त्याला वस्ती वाजतगाजत घरी नेते.

याच झोपडपट्ट्यांत रास्ता लोक राहत होते. त्यांचा पंथ नवा होता. मार्कस गार्वी हा जमैकातल्या सेंट अ‍ॅन्स बे गावचा. काळ्या माणसानं मान वर करून आफ्रिकेकडे पाहावं, ही शिकवण त्यानं दोन खंडांत पोचवली. २ नोव्हेंबर १९३० रोजी इथिओपियात रास ताफारी माकोनेन हे हैले सेलासी या नावानं सम्राट झाले, तेव्हा जमैकातल्या काही उपदेशकांना वाटलं, हाच तो वाचवणारा. 'रास' ही पदवी, 'ताफारी' हे नाव. पंथाचं नाव त्यातूनच आलं. त्या उपदेशकांतला सगळ्यात ठाम माणूस लेनर्ड हॉवेल. १९३३ पासून तो सेंट थॉमस भागात सांगत फिरला, की आपला राजा लंडनमध्ये नाही, अदिस अबाबात आहे. तो सम्राटाचे फोटो विकायचा. १९३४ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

इथं आपला एक खराखुरा धागा लागतो. हॉवेलची 'द प्रॉमिस्ड की' ही पुस्तिका निघाली ती जी. जी. मराघ या नावानं. गंगुंगुरू मराघ, असं ते पूर्ण नाव. आपल्या कानाला त्यात गुरू लगेच ऐकू येतो, आणि मराघ म्हणजे महाराज. जमैकातल्या काळ्या उपदेशकाला हे नाव कुठून सुचलं? १० मे १८४५ रोजी ब्लंडेल नावाचं जहाज ओल्ड हार्बर बेला लागलं आणि त्यातून हिंदुस्थानातले पहिले करारबद्ध मजूर उतरले. पुढच्या सत्तरेक वर्षांत असे ३६,००० च्या वर लोक तिथं गेले. बहुतेक उत्तरेकडचे, भोजपुरी बोलणारे. गुलामी संपल्यावर मळ्यांना हात हवे होते म्हणून त्यांना नेलं गेलं. काळ्या मजुरांच्या शेजारीच ते राबले, राहिले. गांजा आणि चिलीम हे दोन्ही शब्द जमैकाच्या बोलीत त्यांच्याबरोबर गेले आणि अजून आहेत. जटा वाढवलेले, धुनीपाशी बसणारे साधू ज्यांनी पाहिले होते, अशा माणसांच्या सहवासात रास्ता पंथ घडला. रास्तांच्या जटांचं मूळ नेमकं कशात, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. स्वतः रास्ता बायबलातल्या, केस न कापण्याच्या नाझीरी व्रताकडे बोट दाखवतात. पण शेजाराचा परिणाम माणसावर होतोच, आणि हॉवेलनं तर तो आपल्या नावातच घेतला.

१९४० मध्ये हॉवेलनं सेंट कॅथरीन भागात डोंगरावर 'पिनॅकल' नावाची वसाहत उभी केली. शेकडो माणसं तिथं स्वतःचं पिकवून खात होती. पोलिसांनी १९४१ मध्ये धाड घातली, पुन्हा पुन्हा घातल्या, आणि १९५४ मध्ये वसाहत मोडून टाकली. उखडलेली माणसं किंगस्टनच्या वस्त्यांत आली.

म्हणजे एका बाजूला रास्ता, त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं पण स्वतःचं वाद्य नव्हतं. दुसऱ्या बाजूला बुरूवाले, त्यांच्याकडे ढोल होते पण ज्यांच्यासाठी वाजवायचं ते मळे मागेच राहिले होते. दोघं एकाच गटाराच्या काठी राहत होते. त्यांनी एकमेकांना जे होतं ते देऊन टाकलं. बुरूवाले हळूहळू रास्ता झाले, आणि त्यांचे ढोल प्रार्थनेचे ढोल झाले.

हे ज्याच्या हातून घडलं तो ऑसवल्ड विल्यम्स, सगळ्यांचा काउंट ऑसी. जन्म १९२६ चा. बुरूच्या जुन्या वादकाकडे बसून तो शिकला आणि वॉरिकाच्या पायथ्याशी त्यानं आपला तळ जमवला. तळावर रात्री ढोल वाजायचे, बायबल वाचलं जायचं, वाद व्हायचे. रास्तांची भाषा अशाच बैठकांत घडली. ते 'मी आणि तू' म्हणत नाहीत, 'आय अँड आय' म्हणतात, म्हणजे 'मी आणि मी'. देव जर प्रत्येकात आहे तर समोरचा परका कसा? इंग्रजीत दडपशाहीला 'ऑप्रेशन' म्हणतात. रास्तांना त्यात 'अप' ऐकू येतं. जी गोष्ट माणसाला खाली दाबते तिच्यात 'वर' कशाला? म्हणून त्यांनी 'डाउनप्रेशन' हा शब्द केला. मालकाची भाषा मोडून तिच्यातून स्वतःपुरती खरी भाषा काढायची, हे काम शाळा न पाहिलेल्या माणसांनी केलं. त्याची जेवढी वाहवा व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

या तळावर शहरातले वादकही यायला लागले, आणि त्यातले बरेचसे एकाच शाळेचे. किंगस्टनची अल्फा बॉइज स्कूल ही अनाथ आणि वांड मुलांची शाळा, कॅथलिक जोगिणी चालवत. तिथल्या सिस्टर मेरी इग्नेशस डेव्हिस यांना संगीताचं वेड. त्यांच्याकडे रेकॉर्डींचा मोठा साठा होता आणि त्या स्वतः मुलांना रेकॉर्डी लावून ऐकवायच्या. ट्रॉम्बोनवाला डॉन ड्रमंड, सॅक्सोफोनवाला टॉमी मकूक, रिको रॉड्रिग्ज हे सगळे अल्फाचे. दिवसा हॉटेलांत प्रवाशांसाठी जॅझ वाजवायचं आणि रात्री टेकडीवर ऑसीच्या ढोलांबरोबर, पैशाशिवाय, पहाटेपर्यंत. १९६४ मध्ये यांच्यातलेच काही जण 'स्कॅटलाइट्स' म्हणून एकत्र आले आणि स्का नावाचं नाचरं संगीत त्यांनी टिपेला नेलं.

ढोल टेकडीवरून खाली उतरले ते प्रिन्स बस्टरमुळे. किंगस्टनमध्ये तेव्हा साउंड सिस्टिमचा जमाना होता. ट्रकभर कर्णे मैदानात लावून रेकॉर्डी वाजवायच्या, ज्याचा आवाज भारी त्याच्याकडे गर्दी. ड्यूक रीड, कॉक्सन डॉड आणि प्रिन्स बस्टर हे त्यातले तालेवार. दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी बस्टरला हवं होतं. तो ऑसीला गाठायला वॉरिकाला गेला. १९६० च्या सुमारास फोक्स ब्रदर्सच्या 'ओह कॅरोलायना'वर रास्ता ढोल पहिल्यांदा रेकॉर्डवर वाजले. गाणं साधं प्रेमाचं, पण त्याच्या खाली तो ठेका. शिष्टांच्या घरांत ज्यांना वेडे, गुन्हेगार समजत, त्यांचा आवाज दुकानात विकायला आला.

समजूत मात्र एवढ्यानं बदलली नाही. ६ ऑगस्ट १९६२ ला जमैका स्वतंत्र झालं आणि वर्षही उलटलं नव्हतं तोच, एप्रिल १९६३ मध्ये माँटेगो बेजवळ कोरल गार्डन्सला चकमक होऊन आठ माणसं मेली. त्यानंतर पोलिसांनी दिसेल त्या रास्ताला उचललं, मारलं, जबरदस्तीनं जटा कापल्या. तो गुड फ्रायडेचा आठवडा होता. रास्ता अजून त्याला 'बॅड फ्रायडे' म्हणतात. स्वतंत्र देशातल्या काळ्या सरकारनं काळ्या माणसांवर हे केलं, याचा सल मोठा आहे. सरकारनं माफी मागितली ती २०१७ मध्ये.

आणि त्याच लोकांसमोर २१ एप्रिल १९६६ ला हैले सेलासींचं विमान किंगस्टनला उतरलं. लाखभर माणसं विमानतळावर ढोल, निशाणं घेऊन लोटली. कठडे मोडले, धावपट्टी भरून गेली. सम्राटांना विमानातून उतरताच येईना. शेवटी मॉर्टिमर प्लॅनो हा जटाधारी रास्ता शिडी चढून वर गेला, त्यानं गर्दीला वाट करायला सांगितलं आणि मग पाहुणे खाली आले. राजशिष्टाचार बाजूला राहिला, सरकारची अडचण एका रास्तानं सोडवली. गर्दीत बॉब मार्लीच्या पत्नी रिटा होत्या. बॉब तेव्हा अमेरिकेत डेलावेअरला कामाला होता. परतल्यावर तो याच प्लॅनोच्या पायाशी शिकायला बसला.

१९६८ च्या सुमारास स्का आणि त्यानंतरचं रॉकस्टेडी मंदावत रेगेपर्यंत आलं. रेगेचं सगळं श्रेय ढोलांना दिलं तर अन्याय होईल. खेड्यांतलं मेंटो हे संगीत त्यात आहे, अमेरिकी रेडिओवरून ऐकलेलं रिदम अँड ब्लूज आहे. पण ती सावकाश, जमिनीतून येणारी चाल आणि ते शब्द रास्तांचेच. 'वन ड्रॉप' हा रेगेचा ठेका ऐकून पाहा. चार मात्रा मोजा. आपल्याकडे तबलजी समेवर आला की बैठक मान डोलावते. मार्लीच्या वेलर्स या चमूचा ड्रमर कार्लटन बॅरेट ती पहिली मात्रा रिकामी सोडतो, आणि पायाचा ड्रम आणि हातातली काठी मिळून तिसऱ्या मात्रेवर ठोका टाकतात. दुसऱ्या-चौथ्याला गिटार 'चक्' करते. जिथं वजन पडेल असं कान धरून चालतो तिथं पोकळी, आणि त्या पोकळीत कार्लटनचा भाऊ अ‍ॅस्टन याचा बास सरकतो. फुंडेची ती थांबण्याची सवय इथं दिसते.

मार्लीबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आवरतो. बॉब, पीटर टॉश आणि बनी वेलर हे किंगस्टनच्या ट्रेंचटाउन वस्तीत गायक जो हिग्जच्या अंगणात सुरात सूर मिसळायला शिकले. १९७३ च्या 'बर्निन' या अल्बमवर 'रास्तामन चँट' हे गाणं आहे. त्यात ढोल सजावटीला नाहीत, गाणंच त्यांच्यावर उभं आहे. मार्लीच्या 'वॉर' या गाण्यातले शब्द सेलासींच्या १९६३ च्या संयुक्त राष्ट्रांतल्या भाषणातले.

आणि त्याच १९७३ मध्ये काउंट ऑसीनं सॅक्सोफोनवाल्या सेड्रिक ब्रुक्सला घेऊन 'मिस्टिक रेव्हलेशन ऑफ रास्ताफारी' या चमूची 'ग्राउनेशन' नावाची तीन रेकॉर्डींचा संच काढला. तीन वर्षांनी ऑसी गेला. २०१८ मध्ये युनेस्कोनं रेगेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तेव्हा वर्तमानपत्रांनी फोटो छापले ते मार्लीचे.

'ग्राउनेशन' मिळवून ऐका, आणि एका बैठकीत ऐका. सुरुवातीला काही घडत नाही असं वाटेल. ढोल चालू राहतात, कुणीतरी बोलतं, पुन्हा ढोल. मग ब्रुक्सचा सॅक्सोफोन येतो, लांबवर जातो, भरकटतो, रिपीटर त्याच्या मागे धावतो. फुंडे जागचा हलत नाही. दोन ठोके, थांबा. दोन ठोके, थांबा.

(पुढच्या आठवड्यात : रेडिओ दुरुस्त करणारा किंग टबी आणि 'डब'चा जन्म)