वायपर अडला? आधी ‘अर्थ’ शोधा!

पडेगाव मागे टाकून दौलताबादकडे निघालं की जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा काही नेम नसतो. छावणीत कोरडं, आणि किल्ला दिसायची वेळ येईपर्यंत समोरचं सगळं पांढरं. वीकेंडला बाइकवर वेरूळ-म्हैसमाळ गाठणाऱ्या गँगला हे सांगायला नको. आपण झाडाखाली थांबतो, चारचाकीवाला वायपर लावून पुढे निघून जातो. पण गाडी पन्नाशी ओलांडलेली असेल आणि वायपर काचेच्या मधोमध जाऊन बसला असेल, तर त्यालाही झाडच शोधावं लागतं.

असा एक वायपर सध्या पडेगावात आहे. वर्गमैत्रिणीच्या आजोबांची १९७० ची फियाट ११०० डिलाइट. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी म्हणजे आपल्या ओळखीच्या प्रीमियर पद्मिनीची थोरली बहीण. पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ३० ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झाली, तेव्हा इन्स्टावर सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली होती. इथे मात्र प्रश्न हळहळीचा नाही. वायपर रडतखडत चालतो आणि बटण बंद केलं की असेल तिथेच थांबतो. एका गॅरेजमध्ये निदान झालं: मोटर गेली, नव्या गाडीची बसवू, दोन भोकं पाडून पट्टी वेल्ड करू. आजोबांनी गाडी तशीच घरी आणली.

आजोबांचा हा नुसता हट्ट नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. नियमाचा रोख चासी, बॉडी आणि इंजिनवर आहे, त्यामुळे एका मोटरने नोंदणी अडेल असं नाही. पण पन्नास वर्षं टिकलेल्या पत्र्याला, न बिघडलेल्या मोटरपायी भोकं कशाला पाडायची? आणि वायपर नसून चालतही नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढची काच असलेल्या गाडीला यंत्रावर चालणारा वायपर लागतोच.

तर मग बघायचं काय? वायपर म्हणजे बारा व्होल्टची साधी डीसी मोटर. तिच्या शाफ्टवर वर्म गियर, त्याला क्रँक, क्रँकला जोडलेल्या पट्ट्या. मोटर एकाच दिशेला गोल फिरते, पट्ट्या त्याचं डावं-उजवं करतात. करंट बॅटरीतून इग्निशन, फ्यूज, स्विच असा मोटरपर्यंत येतो आणि गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जातो. या परतीच्या वाटेला मेकॅनिक मंडळी ‘अर्थ’ म्हणतात. जुन्या गाडीत घोळ बहुतेक वेळा इथेच असतो. कारण? डेंटिंग-पेंटिंग! गाडीला प्रेमाने नवा रंग मारला जातो, आणि मोटरचा स्क्रू जिथे उघड्या पत्र्याला टेकायचा तिथेही रंगाचा थर बसतो. रंगातून करंट जात नाही.

याची परीक्षा दोन मिनिटांची आहे. काच ओली करा (कोरड्या काचेवर वायपर कधीच चालवून बघू नका, मोटरवर ताण येतो आणि काचेवर ओरखडे पडतात). वायपर चालू करा. एक जाड वायर बॅटरीच्या अर्थकडच्या टोकावरून थेट मोटरच्या अंगाला लावा. वेग लगेच वाढला तर मोटर निर्दोष. स्क्रूखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडायचा, की झालं. एक खबरदारी घ्या: जुन्या ब्रिटिश गाड्यांपैकी अनेकींत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असतो, तेव्हा कुठली वायर बॉडीला जातेय ते आधी बघा.

आपल्या फियाटचा अर्धा आजार हाच निघाला.

आता इंजिनिअरिंगवाल्यांनो, जरा इकडे. आपला पहिला हात मल्टिमीटरकडे जातो. मोटरच्या टोकाला मीटर लावला, १२ व्होल्ट दिसले, म्हणजे वायरिंग ठणठणीत आणि मोटर बाद, असा निकाल आपण देऊन टाकतो. पण स्विच चालू असून मोटर फिरतच नसेल, वायर मोटरवरून सुटलेली असेल, तेव्हाचं हे रीडिंग फसवं असतं. समजा गंजलेल्या जॉइंटमध्ये अर्धा ओहम रोध आहे. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, म्हणून त्याला पूर्ण १२ दिसतात. मोटरने ३ अँपिअर ओढले की ओहमच्या नियमाने दीड व्होल्ट त्या जॉइंटमध्येच खर्च होतो. म्हणून जुने वायरिंगवाले खिशात बल्ब ठेवतात: इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, दोन वायरी, एक क्लिप. तो पावणेदोन अँपिअर खातो, त्यामुळे दुबळा जॉइंट लगेच उघडा पडतो, बल्ब मंद पेटतो. मीटरच वापरायचा असेल तर मोटर चालू ठेवून वापरा. व्हायवाला हा प्रश्न आला तर माझी आठवण काढा.

दुसरा आजार जास्त मजेशीर. बटण बंद केल्यावर वायपर आपोआप काचेच्या खाली जाऊन निजतो, हे आपण गृहीतच धरतो. पण बंद मोटर खाली जाते कशी? गियरबॉक्समध्ये गियरसोबत फिरणारी एक तबकडी असते, तिच्यावर संपर्काच्या पत्र्या घासत असतात. तुम्ही बटण बंद केलं तरी या पत्र्यांतून मोटरला करंट मिळत राहतो. तबकडीची खाच आली की तो तुटतो, आणि ती खाच बरोबर ब्लेड खाली पोचल्यावरच येते. याला ‘पार्किंग’ म्हणतात. त्यासाठी बटणाला वळसा घालून जाणारी एक वेगळी वायर लागते. मागे कुणी स्विच बदलला असेल तर ही वायर ‘जास्तीची’ वाटून टेप गुंडाळून सोडून दिलेली असते, कारण तिच्याशिवायही वायपर चालतो. फक्त नीट थांबत नाही. फियाटच्या डॅशबोर्डमागे अशी एक टेप गुंडाळलेली वायर लोंबकळताना सापडली. तिचं दुसरं टोक मोटरकडेच जात होतं.

काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो. इग्निशन चालू केलं की मोटरला करंट कायम आलेला, बटण फक्त परतीची वाट उघडतं. तिथे दोन्ही टोकांना करंट दिसतो आणि भलेभले गोंधळतात.

यातलं काहीच नसेल तर पट्ट्या मोटरपासून सोडवा. एकटी मोटर गरगर फिरली तर दोष वाळलेल्या ग्रीसचा किंवा गंजलेल्या बुशचा. हे करताना बॅटरीचं टोक आधी काढा, पट्ट्यांत बोट सापडलं तर वायपर ते सोडत नाही. आणि फ्यूज सारखा उडत असेल तर त्याजागी चॉकलेटची चांदी गुंडाळू नका. हा जुगाड आपल्याकडे भयंकर लोकप्रिय आहे. त्याने फ्यूज वाचतो, वायरी जळतात.

तरी फियाटवाले नशीबवान म्हणायचे. जुन्या विलीज जीपमध्ये वायपर हाताने हलवायचे, नंतर इंजिनच्या व्हॅक्युमवर चालणारे आले. त्यांची गंमत अशी की चढावर ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्युम घटतो आणि वायपर सुस्तावतो. म्हणजे दौलताबादची ती दगडी वेस ओलांडून, भर पावसात घाट चढताना, नेमका तेव्हाच! उतारावर पाय उचलला की पुन्हा सपासप.

पडेगावातल्या फियाटचा वायपर आता वेगाने चालतो. टेप सोडून वायर जोडली, तरी तो दहातून तीन-चार वेळा अजून मध्येच थांबतो. गियरबॉक्सचं झाकण उघडल्यावर संपर्काची एक पत्री जळून खळगा पडलेली दिसली. तशी पत्री सुटी मिळत नाहीये, शोध चालू आहे. तुमच्या शेडमध्ये, माळ्यावर जुन्या फियाटची मोटर पडली असेल, तर भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवण्याआधी झाकणाचे स्क्रू काढून आतली तबकडी एकदा बघा.