वेळ बदलली तरी घडी मोडू नये

पुण्यात कोथरूड, सदाशिव पेठेतल्या कितीतरी घरांत आई-वडील दोघंच आणि मुलं परदेशी. सांभाळायला ब्यूरोमार्फत आलेल्या मावशी किंवा मामा. पाळी बारा तासांची, नाहीतर चोवीस तासांची. त्यांनाही घरदार असतं, सुट्टी लागतेच. मग रोजच्या वेळापत्रकात कुठे सैल सोडायचं आणि कुठे घट्ट धरायचं?

घट्ट धरायच्या गोष्टी मोजक्याच. पार्किन्सन्समध्ये लेव्होडोपाची गोळी उशिरा झाली की हात थरथरतो, पाऊल उचलत नाही. इन्सुलिन टोचून जेवण लांबलं तर साखर एकदम उतरू शकते. स्मृतिभ्रंशात अनोळखी माणसाच्या हातून आंघोळ नको वाटते, संध्याकाळी बेचैनी वाढते. फिरणं, मालिश, केस धुणं मात्र पुढेमागे चालतं.

म्हणून बदलीच्या मावशी आधीच ठरवाव्यात आणि नेहमीच्या मावशींबरोबर एक-दोन दिवस घरी बोलवाव्यात. ओट्याजवळ वही असावी: कोणती गोळी किती वाजता दिली, पोट साफ झालं का, रात्री कितीदा उठले. गणपती विसर्जनाला लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता वाहनांना बंद असतात; पेठेतल्या घरी मावशींनी आदल्या रात्रीच मुक्कामाला यावं आणि जादा पैसे आधी बोलून घ्यावेत. गावची जत्रा, दिवाळी अशा सुट्ट्या महिनाभर आधी कालनिर्णयवर लिहाव्यात. आजी-आजोबांना विचारून, त्यांच्यासमोरच.